उजव्या पायाचा गिअर

९ फेब्रुवारी

आई,

तुमच्या फटफटीचा गिअर कोणत्या पायाला होता?

इतक्या दिवसांनी पत्र आणि पहिल्याच ओळीत हा प्रश्न, म्हणून रागावू नका. ख्यालीखुशाली विचारायची तर कुठल्या नात्याने विचारू, इथेच पेन अडतं. तुमच्या मुलाची आणि माझी फारकत होऊन चार वर्षं होत आली. कागदोपत्री मी आता तुमची कुणी नाही. गिअरचं तसं नाही. तो कुणीही कुणाला विचारावा.

तर झालंय असं, की आमच्याकडे मोटारसायकल बांधायला घेतली आहे. विकत नाही घेतली, बांधायला घेतली. बाबांचं तुम्हाला माहीत आहे. सगळा जन्म बसडेपोत फिटर म्हणून काढला, आणि माझी आई गेल्यापासून घरात बसून आहेत. हाताला काम नाही. आधी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं. मग मिक्सर, मग छताचा पंखा. सगळं पुन्हा जोडतात, चालतंही, पण जोडून झालं की परत उघडतात. गेल्या महिन्यात माझ्या शिलाई मशीनकडे त्यांची नजर गेली तेव्हा मी हात टेकले. माझं पोट त्या मशीनवर चालतं. कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने त्याची जुनी मोटारसायकल टाकून दिली होती, ती मी बाबांसाठी आणवली. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही.

बाबांनी विचारलं, कशी बांधायची? मी म्हटलं, जुन्या चालीची. गोल हेडलाइट, तारांची चाकं, लांब मडगार्ड, एका माणसाची स्प्रिंगची सीट, मागे पेटी बांधायला लोखंडी जाळी. ते म्हणाले, ही तर विहीणबाईंची गाडी. मी म्हटलं तसं काही नाही, मला अशाच आवडतात. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं, किंवा सोयीपुरतं ऐकू येतं. ते पुन्हा, आणखी मोठ्याने म्हणाले, ही विहीणबाईंची गाडी.

मला आठवतो तो तुमच्या खोलीतला फोटो. तुम्ही मामंजींची पँट खालून दुमडून घातलेली, एक हात हँडलवर, आणि चेहऱ्यावर कुणाला तरी इंजेक्शन टोचायला निघाल्यासारखा भाव. पण फोटो काढणाऱ्याने गाडीचं पुढचं चाक आणि टाकी तेवढी घेतली, बाकी सगळं कापलं. टाकीच्या मागे काय होतं ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. आणि फोटो काळापांढरा, त्यामुळे रंगही कळत नाही.

म्हणून विचारते. गिअर कुठल्या पायाला? टाकीचा रंग कोणता?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल. बाबा डावीकडे ठेवतील, सगळ्या गाड्यांना असतो तसा.


२ मार्च

आई,

कार्ड मिळालं. “गिअर उजव्या पायाला. ब्रेक डाव्या. टाकी गडद हिरवी. हँडल रुंद नको, खांदे भरून येतात.” वर मायना नाही, खाली सही नाही. वस्त्यांवर लस टोचत फिरायचात तेव्हा मुलांच्या कार्डांवर लिहायचात तसंच.

मी ते दारातच वाचलं. मग आत जाऊन बाबांना वाचून दाखवलं, ओरडून. ते खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. पण त्यांना गाडी दिसत होती. दूधवाल्याच्या गाडीचा गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. म्हणजे गाडीचे दोन्ही पाय उलटे करायचे. ते म्हणाले, एका बाईच्या आठवणीसाठी अख्खी गाडी उलटी करायची का? संध्याकाळी ते जमिनीवर पालथे पडून इंजिनाखाली खडूने रेघा मारत होते.

उपाय त्यांनी असा काढला आहे की इंजिनाच्या पोटाखालून एक आडवा दांडा न्यायचा. पाय उजवीकडे दाबायचा, दांडा फिरतो, आणि गिअर डावीकडे पडतो. ऐकायला सोपं आहे. पहिला दांडा वाकला, कारण नळ पोकळ होता. दुसरा सायलेन्सरला घासतो. लेथवाला आता बाबांना लांबून पाहिलं की चहाला निघून जातो.

इंजिन सध्या आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे, खाली वर्तमानपत्र घालून. आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून जेवतो. गाडीची चौकट माझ्या कामाच्या खोलीत, शिलाई मशीन आणि रेक्झिनच्या गुंडाळ्या यांच्या मधोमध. परवा एक गिऱ्हाईक खुर्चीची गादी न्यायला आलं, त्याने विचारलं हे काय. बाबा म्हणाले, विहीणबाईंची गाडी. गिऱ्हाईक म्हणालं, त्या कुठे असतात? मी मध्येच गादीची पिशवी त्याच्या हातात दिली.

गादीवरून आठवलं. दुपारी मी शिवायला बसले की तुम्ही शेजारी बसून जुन्या सीटची शिवण उसवत असायचात. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात छोटी कात्री, आणि तोंडाने गोष्ट चालू. वस्तीवरची मुलं गाडीचा आवाज ऐकला की टोचायला बाई आली म्हणून रानात पळायची, तेव्हा तुम्ही उतारावर इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळत आणायचात. बायका भांडी घासत असायच्या आणि मागे वळून बघतात तो दारात तुम्ही. ही गोष्ट सांगताना तुम्ही आवाज खाली आणायचात, आणि मीही मशीनवरचा पाय थांबवायची. सगळ्या दुपारी तशा गेल्या. शिवण मी घालायची आणि तुम्ही उसवायचात. तुमचा मुलगा म्हणायचा, ह्या घरात काम पुढे सरकतच नाही.

पेटी मागे कशाने बांधायचात? दोरी की पट्टा? लस थंड ठेवायची तर पेटी जड असणार. वळणावर ती हलायची का?


२८ मार्च

आई,

“पट्टा. कातडी. दोन. पेटी हलली तर सुया वाजतात, मग गाडी थांबवून परत आवळायचे.” हे मिळालं. पट्टे मी स्वतः शिवते आहे, जाड सुईने. त्यात मला कुणाची मदत लागत नाही.

पण कार्डाच्या कडेला, तिरक्या अक्षरात, निळ्या शाईने आणखी एक ओळ होती. ते अक्षर तुमचं नाही. “पत्रं पाठवत राहा. ज्या दिवशी पत्र येतं त्या दिवशी त्या नीट जेवतात.”

मी ते कुणाचं, हे ओळखलं. तुमच्या घरी टपालपेटीत कार्ड टाकायला जाणारं दुसरं कोण आहे? तुमची नवी सून.

खरं सांगू का, आधी मला राग आला. तुम्ही नीट जेवत नाही हे मला तिने सांगावं? जेवताना तुमच्यासमोर मिठाची बाटली ठेवायची नाही, नाहीतर चव न घेताच भुरभुरता, हे तिला कुणी सांगितलंय का? मग पुन्हा वाचलं. तिने लिहायचं काही कारण नव्हतं. मी तिच्या जागी असते तर ते कार्ड कदाचित हरवलं असतं.

टाकी तयार होते आहे. जुन्या टाकीला हवा तसा पोटाचा फुगवटा नव्हता, म्हणून नवीन पत्रा आणून डेंटरकडून ठोकून घेतली. गुडघे टेकतात तिथे दोन्ही बाजूंना खळगा, आणि त्यावर मी रबराच्या गाद्या चिकटवणार आहे. हिरव्याचा मात्र घोळ झालाय. गडद हिरवा म्हणजे कुठला? बाबांनी डबे आणून सगळीकडे ठिपके मारून ठेवले आहेत. बादलीवर, खिडकीच्या गजांवर, माझ्या मोजपट्टीच्या मागे. काल शेजारणीने विचारलं, घराला रंग काढताय का. तुम्ही एवढंच सांगा, औषधाच्या बाटलीचा हिरवा, की पोस्टाच्या जुन्या दाराचा होता तो?

आज इथे फार शांत आहे. बाबा लेथवर गेलेत. अशा वेळी मला ती सकाळ आठवते, मी निघाले ती. माझ्या दोन बॅगा बाहेर ठेवलेल्या, मशीन आधीच टेंपोत चढवलेलं. तुमचा मुलगा खाली टेंपोवाल्याशी बोलत होता, वाद नव्हता, काहीच नव्हतं, आमच्यात बोलायचं संपून दोन वर्षं झाली होती. तुमच्या खोलीचं दार बंद होतं. आतून पंखा चालू असल्याचा आवाज येत होता. मी पाच-दहा मिनिटं उगाच बॅगेची चेन उघडत लावत उभी राहिले. मी दार वाजवलं नाही आणि तुम्ही ते उघडलं नाहीत.

हे लिहायचं नव्हतं. आता खोडलं तरी दिसणारच, म्हणून राहू देते.

हिरव्याचं कळवा.


१९ एप्रिल

आई,

काल तुमच्या मुलाचा फोन आला. पहिल्यांदाच, एवढ्या काळात.

तो म्हणाला, आई हॉलमध्ये सोफ्याच्या हातावर दोन्हीकडे पाय टाकून बसली होती. डोळे मिटलेले. दोन्ही हात पुढे धरलेले, आणि पाय हलवत होती. उजवा वर, डावा खाली. हाक मारली तर म्हणे, थांब, आठवू दे. दोनदा असं झालं. त्याने सरळ विचारलं, तू तिला पत्रांतून काय लिहितेस? तिचं डोकं ताळ्यावर राहिलेलं नाही आणि तू तिला आणखी त्यात ढकलते आहेस. त्याने डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

मी त्याला सांगून पाहिलं, की ज्या गोष्टी पाय करतात त्या डोक्याला विचारून आठवत नाहीत. मलाही टाका कसा घालते ते सांगता येत नाही, सुई हातात घ्यावी लागते. आई वेड्या झाल्या नाहीत, त्या उत्तर शोधत होत्या. तो म्हणाला, मला समजावू नकोस.

आवाज चढलेला होता, पण मला तो रागाचा वाटला नाही. तो घाबरला आहे. चौदा वर्षं संसार केला, तेवढं अजून कळतं. त्याचे वडील शेवटी माणसं ओळखेनासे झाले होते, ते त्याच्या मनातून गेलेलं नाही. तुमच्यावरून त्याच्याशी भांडायचा हक्क मला नाही, आणि असता तरी भांडले नसते.

म्हणून मी थांबते. गाडीचं काम चालू राहील. रंग आम्ही औषधाच्या बाटलीचा लावू.

उजवा पाय वर गेला, असं तो म्हणाला. म्हणजे पहिला गिअर वर होता. मी हे बाबांना सांगणार नव्हते, पण तोंडून निघून गेलं. त्यांनी जोडलेला दांडा परत उघडला आहे.

डॉक्टरांना सगळं नीट सांगा. आणि जेवत जा.


६ मे

विहीणबाईंना नमस्कार.

हे पत्र मी मुलीला न सांगता लिहितो आहे. अक्षर वाईट आहे. हात पान्हा धरणारा आहे, चालवून घ्या.

तुमच्या चिरंजीवांनी फोन करून पत्रं बंद करायला लावली, असं कळलं. मुलीने बंद केली. ती तशीच आहे, एकदा कुणी नको म्हटलं की दुसऱ्यांदा विचारत नाही. त्यामुळे तिचं पुष्कळ नुकसान झालं आहे. मी तसा नाही. मला ऐकू येत नाही, त्यामुळे नको म्हटलेलं कळत नाही.

तुम्हाला एक सांगायचं होतं ते सांगतो. घटस्फोट त्या दोघांचा झाला. तुमचा माझा झाला नाही. तुम्ही विहीण आणि मी व्याही, हे नातं कुठल्या कोर्टाने मोडल्याचं मी तरी वाचलं नाही. मी सही केलेली नाही. तुम्ही केली असेल तर कळवा.

दुसरं. लग्नाच्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या देखत मला म्हणालात की तुमच्या डेपोच्या बसचे ब्रेक फार केकाटतात. त्याचा मी राग धरला होता. मुलगी तुमच्या घरात होती तितकी वर्षं मी तुमच्याकडे जेवायला बसलो की मनात तेच असायचं. आता ह्या गाडीचे ब्रेक बसवताना मी तो विषय पुन्हा काढून बघितला. लायनिंगच्या कडा कानशीने घासून गोल केल्या तर आवाज येत नाही. आम्ही घासत नव्हतो. ह्या गाडीचे घासले आहेत.

गाडीबद्दल. पहिला गिअर वर, बाकीचे खाली, असं करून दिलं आहे. दांडा भरीव आहे. क्लच हलका केला आहे, म्हाताऱ्या हाताला झेपेल एवढा. मी माझ्या हाताने तपासला, तेव्हा तुम्हाला चालायला हरकत नाही. सीटखालच्या स्प्रिंग मात्र कडक आहेत, कारण तुमचं वजन मला माहीत नाही आणि मुलगी विचारू देत नाही.

मुलगी सगळ्यांना सांगते की गाडी बाबांना विरंगुळा म्हणून बांधतोय. मला विरंगुळा पुष्कळ आहे. घड्याळ अजून अर्धं उघडलेलं आहे. ती रोज काम संपल्यावर ती हिरवी टाकी फडक्याने पुसते. त्यावर धूळ नसते.

गाडी ह्या महिनाअखेर सुरू होईल. कुणीतरी येऊन ती बरोबर झाली की नाही ते सांगायला हवं, आणि ते सांगणारं माणूस एकच आहे. तुमच्या चिरंजीवांची परवानगी लागत असेल तर मी त्यांच्याशी बोलायला तयार आहे. फक्त त्यांना मोठ्याने बोलायला सांगा.

कळावे.


३० मे

आई,

सुरू झाली.

बाबांनी तुम्हाला लिहिलं हे मला आज कळलं, म्हणून हे लिहायचं धाडस करते. काय लिहिलं ते सांगत नाहीत.

सकाळभर किक मारून माझी पोटरी भरून आली. कार्बोरेटर दोनदा उतरवला. मग एकदम धरलं तिने. खिडकीची तावदानं थरथरली, मशीनवरचं रीळ गडगडत खाली गेलं, शेजारीण धावत आली. आणि बाबा इंजिनाशी वाकलेले, माझ्याकडे बघून विचारतात, झाली का? मी मान हलवली. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. पुष्कळ वेळाने म्हणाले, एक ठोका जरा मागे पडतोय, उद्या बघतो. डोळे पुसले ते ग्रीस लागलेल्या हातानेच, त्यामुळे दिवसभर तोंड काळं घेऊन फिरत होते. मी सांगितलं नाही.

ती धडधडते कशी ते मला लिहून दाखवता येत नाही. तुम्ही दुपारी तोंडाने काढून दाखवायचात त्यापेक्षा आवाज थोडा जाड आहे.


१४ जून

आई,

तुम्ही आमच्याकडे येऊन गेलात त्याला दोनच दिवस झाले आणि मी लिहायला बसले. समोर तुम्ही होतात तेव्हा मी नुसता चहा करत राहिले. चार वेळा केला, बाबांनी मोजला.

मोटारीचं दार उघडून तुम्ही उतरलात तेव्हा माझी नजर तोंडाकडे आधी गेली नाही, पायांकडे गेली. तुमच्या पायांत नाडीचे बूट होते. तेव्हाच मी समजले की तुम्ही नुसत्या बघायला आलेल्या नाही. मागोमाग तुमची सून उतरली. नवी म्हणू की काय म्हणू, तिच्या देखत मला शब्द सापडेना. ती दातांच्या दवाखान्यात काम करते हे मला ठाऊक नव्हतं. तिने घरी सांगितलं होतं म्हणे, आईंची कवळी घट्ट होते, घासून आणते. एवढं सरळ तोंड करून खोटं बोलणारी माणसं मला आवडतात.

ती मला म्हणाली, “मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल.” मी म्हटलं, मला वाटलं होतं तुम्ही लहान असाल. तुम्ही आणि बाबा एव्हाना गाडीभोवती फिरत होतात, आणि तो दोन बहिऱ्यांचा संवाद होता, कारण तुम्ही हळू बोलता आणि त्यांना ऐकू येत नाही. तुम्ही टाकीवर बोट फिरवून म्हणालात, हा हिरवा नव्हता. ते म्हणाले, आभारी आहे.

आमच्या घरामागच्या गोदामाचं अंगण मी सकाळीच झाडून ठेवलं होतं. मनात नव्हतं असं म्हणत नाही. पण मला वाटलं होतं तुम्ही नुसत्या बसाल, फार तर आम्ही दोघं धरून चार पावलं ढकलू. तुम्ही बसलात. गुडघे त्या खळग्यांत टेकवलेत. किक मी मारली. तुम्ही डोळे मिटले नाहीत, खाली पाहिलंही नाही. उजवा पाय वर गेला आणि गिअर पडला. बाबांनी एका बाजूने धरलं होतं, मी दुसऱ्या. मग तुम्ही म्हणालात, “सोडा आता.”

बाबांना ते ऐकू गेलं. त्यांनी सोडलं. मला ऐकू येत असून मी सोडलं नव्हतं, थोडं अंतर तुमच्याबरोबर पळत आले, मग हातच सुटला.

अंगणाच्या टोकाला तुम्ही वळलात तेव्हा तुमच्या सुनेने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की अजून तिथे दुखतं. तुम्ही दुसरा गिअर टाकलात. पाठ सरळ, कोपर अंगाशी, केस मागे उडालेले. एक फेरी झाली, आम्ही पुढे सरकलो, आणि तुम्ही आमच्याकडे न बघता दुसऱ्या फेरीला निघून गेलात. ती माझ्या कानाशी म्हणाली, “ह्या हसतात हे मी आज पहिल्यांदा बघते आहे.” आणि मग रडली. मी तिला काय सांगणार? मला तुम्ही हसताना रोज दिसायचात. ते मला मिळालं होतं आणि तिला नाही, एवढंच. मी तिच्या हातावर हात ठेवला. तिने नंतर सांगितलं की तुमच्याशी काय बोलावं तेच तिला कळत नसे. माझी पत्रं तुम्ही तिला मोठ्याने वाचायला लावायचात, चष्मा असून. त्यातून तिला विचारायला प्रश्न सापडले. मी तुम्हाला लिहीत होते आणि घरात गोष्टी तिला ऐकायला मिळत होत्या. ह्याचं मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

थांबताना गाडी कलंडली तेव्हा मात्र माझा जीव गेला होता. आम्ही तिघांनी मिळून धरली. तुम्ही उतरून पहिलं काय म्हणालात, तर हँडल अजून दोन बोटं रुंद आहे.

आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

ती आणि बाबा बाहेर होते. तुम्ही ओट्याशी टेकून उभ्या होतात, कारण टेबलावर अजून अर्धं सामान आहे. मी काहीच विचारलं नव्हतं. तुम्ही कपात बघत म्हणालात, “त्या दिवशी बाहेर आले असते तर तुझ्याबरोबर निघाले असते. बॅग भरलेली होती माझी. मग त्याचं कोण होतं?”

मी दूध बघायला गेले. दूध गॅसवर नव्हतंच.

आई, मी चार वर्षं असं धरून चालले होते की तुम्ही त्याची बाजू घेतलीत. मला ते समजत होतं, मुलगा आहे, घ्यावीच. तुम्ही आत बॅग भरून बसला होतात हे माझ्या डोक्यात कसं येणार? बरं झालं तुम्ही बाहेर आला नाहीत. हे मी समजूतदारपणे म्हणत नाही. तुम्ही आला असतात तर मी तुम्हाला घेऊन गेले असते, तेव्हा तेवढी माया माझ्यात होती, आणि अक्कल नव्हती. तो त्या रिकाम्या घरात एकटा राहिला असता. काय झालं असतं त्याचं, कोण जाणे. आज तुमच्या घरात निळ्या शाईने लिहिणारं एक माणूस आहे, ते तरी आलं असतं का?

तेव्हा बोलता आलं नाही म्हणून आता लिहिते. मला कळलं. माझा आता कसला राग नाही, आणि तुम्हीही तो दिवस काढून बघू नका.

काल संध्याकाळी त्याचा फोन आला.

कवळीचं खोटं किती तास टिकलं ते मला ठाऊक नाही. तुमच्या बुटांना लागलेलं तेल त्याने पाहिलं असेल, नाहीतर तिनेच सांगितलं असेल. मला वाटलं आता तो बोलायला सुरुवात करील. मी उत्तरं तयार ठेवली होती, बाबा शेजारी येऊन उभे होते, त्यांनी तर हाताने खूण केली की फोन इकडे दे. पण तो म्हणाला, “आई खरंच चालवत होती?”

मी हो म्हटलं.

“कशी चालवते?”

मी सांगायला लागले. पाठ कशी होती, वळताना तुम्ही किती कमी वाकता, दुसरा गिअर टाकताना हनुवटी कशी वर जाते. तो मध्ये मध्ये नुसतं हं म्हणत होता. मग मला उमगलं की त्याने ते कधी पाहिलेलंच नाही. तो पोटात असताना तुम्ही गाडी विकलीत. त्या फटफटीच्या सगळ्या गोष्टी तुम्ही मला सांगितल्यात, त्याला नाही, आणि त्यानेही कधी विचारल्या नाहीत. इतकी वर्षं तो आमच्या दुपारच्या गप्पांच्या पलीकडच्या खोलीत बसून होता. उतारावर इंजिन बंद करायचात, ते मी सांगितलं. रानात पळणारी मुलं सांगितली. दोन पट्टे सांगितले. लग्नाच्या चौदा वर्षांत आम्ही सलग एवढं बोललो नव्हतो, आणि ह्यात आमच्याबद्दल एक शब्द नव्हता.

शेवटी त्याने विचारलं, पुढच्या खेपेला मी आलो तर चालेल का? लांब उभा राहीन म्हणाला.

मी म्हटलं, गाडी तुझ्या आईची आहे, तिला विचार.

तेव्हा आज नाहीतर उद्या तो तुमच्या खोलीत येईल, पलंगाच्या कडेला बसेल आणि इकडचं तिकडचं बोलत राहील. त्याला विचारायचं काय आहे ते तुम्हाला आता ठाऊक आहे. लगेच हो म्हणू नका, बसू द्या त्याला थोडा वेळ.